विहीणबाईंना पाणी पाजायचंय

१० जून, मंगळवार. फिनिक्स

वटपौर्णिमा. इथं परदेशात वड कुठला मिळणार. वि.बा.नी मोबाईलवर वडाचा फोटू लावला, देवापुढं उभा केला आन् मोबाईललाच दोरा गुंडाळायला लागल्या. दोऱ्यानं बाजूचं बटण दाबलं गेलं, मोबाईल बंद. सात जन्म राहू दे, सातवा फेरा व्हायच्या आत वडच गेला. मला हसू आलं. तिनं बघितलं. बघू दे.

वि.बा. म्हंजे विहीणबाई, आमच्या अर्चूची सासू. पूर्ण लिहायला हात होत न्हाई.

मी अर्चूच्या घरी आले त्याच्या आधीच ती आल्ती. स्वैपाकघर ताब्यात घेऊन बसलीय. मी पातेल्याला हात लावला की, "तुम्ही पाहुण्या विहीणबाई, तुम्ही बसा." मान देऊन लांब ठेवायची कला हिच्याकडूनच शिकावी.

दुपारी जेवताना अर्चूच्या बाळंतपणाचा विषय निघाला. निखिलराव (जावई) म्हणले, बाळ मोठं झालं की सुट्टीत दोन्ही आज्यांकडं राहील. लगेच ही म्हणे, "आमच्याकडं मस्तगडला राहील की. कुंभार पिंपळगावला नको. खेड्याचं पाणी बाधतं लेकरांना."

अर्चूनं मान खाली घातली. मी भाकर मोडत राह्यले.

पाणी बाधतं म्हणे. कधी पिऊन बघितलंय का हिनं? सोयरीक करायला आल्ती तवा निर्जळी. लग्नानंतर आल्ती तवा निर्जळी. दिवाळीला आल्ती तवाबी निर्जळी. माझ्या दारात पाय ठेवला की ह्या बाईला पंचांगातले सगळे उपास एकदम लागतेत. त्यातला एक तर साधा बुधवार होता. कशाची निर्जळी म्हणून इचारलं तर म्हणे, नवसाची. सगळ्या आळीनं बघितलं, पेला भरला तसा राह्यला.

खरी गोष्ट सगळ्यांना माहीत हाय. आमचे सासरे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. आता आमची मोसंबीची बाग हाय, मी जन्मभर अंगणवाडी चालवली, पोरगी इंजिनेर झाली. पण वि.बा.कडचे शेतीवाले पाटील, हिच्या नाकाला अजून मेंढराचाच वास येतो. अर्चूच्या हातचं चालतं. "सून आमची झाली, गोत्र बदललं." म्हंजे पोटातून निघाली ती पोरगी शुद्ध, आन् पोट मात्र बाटलेलं.

आपल्यात एखाद्याला हरवलं की पाणी पाजलं म्हणतेत. मी हिला पाणी पाजणार हाय. दोन्ही अर्थानं. त्याबिगर परत जाणार न्हाई. माझं नातवंड माझ्या घरचं पाणी पिणार, आन् त्याच्या आधी त्याची आजी पिणार.

१२ जून, गुरुवार

निखिलराव म्हणले, दोघी आयांना लास वेगास दाखवतो. वाळवंटातलं जुगाराचं गाव. अर्चू म्हणली, ह्या उन्हात कशाला. पण त्यांनी हॉटेल घेऊन ठेवल्तं. आम्हा दोघींना एक खोली. अर्चू माझ्याकडं बघून म्हणली, "आई, नीट राहशील ना?" मी काय लेकरू हाय का.

ह्यांचा फोन. म्हणले, "जुगार म्हंजे आपल्या पोळ्याला तिर्रट खेळतेत तसा का?" मी म्हणले, तसाच, पण इथं बायाबी खेळतेत आन् पोलीस मागं लागत न्हाईत. मंग पाणी पाजायचा माझा पण सांगितला. ते म्हणले, "तू फिरायला चालली का लढायला?"

दोन्हीला.

१३ जून, शुक्रवार

सकाळी निघालो. नुसता माळ. आपल्या माळावर निदान बोरी-बाभळी, एखादी हिवराची झुडुपं. इथं खडक आन् काटे. सासरे असते तर पहिली गोष्ट इचारली असती, मेंढरू काय खाईल इथं.

गाडीतलं थंडगार पण बाहेर काच तापलेली. वि.बा. पदरानं वारा घेऊन राह्यली होती. मी माझी स्टीलची बाटली पुढं केली. गोड बोलले, अगदी साखर. "घ्या विहीणबाई."

"आज शुक्रवार."

"मंग?"

"शुक्रवारी मी बाहेरचं घेत न्हाई."

बरं. पुढं पेट्रोलपंपावर गाडी थांबली. निखिलरावांनी पाण्याच्या बाटल्या आणल्या. तिनं एक उचलली, झाकण फिरवलं, टक् आवाज झाला, घटाघटा अर्धी रिकामी. तो टक् माझ्या कानाखाली वाजला. कंपनीचं पाणी बाहेरचं न्हाई. विहिणीच्या हातचं बाहेरचं.

नाकानं कांदे सोलणारी बाई.

संध्याकाळी गाव आलं. डोंगराच्या आडून एकदम उठलं, उंचच उंच, लखलख. एका हॉटेलापुढं तळं, त्यात पाणी गाण्यावर नाचवतेत. आकाशाला लागायचं आन् धाडकन खाली. आपण हापशावर घागरीनं घागर ठेवून नंबर लावलेली माणसं. मला धड आनंद होईना, धड राग येईना. एवढं पाणी, आन् प्यायला कुणालाच न्हाई, नुसतं बघायला.

वि.बा. म्हणली, "काय सुंदर पाणी आहे, नाही?"

म्हणले, "हो. कुणाच्या हातचं हाय ते इचारून घ्या."

निखिलराव हसले. त्यांना वाटलं गंमत. अर्चू हसली न्हाई.

१४ जून, शनिवार

आज जे बघितलं ते लिहिताना हात तापलाय.

संकष्टी. सकाळपासून तिची जपमाळ चालू. दुपारी निखिलराव आम्हा दोघींना खालच्या मजल्यावर घेऊन गेले. अर्चू धुरामुळं वरतीच राह्यली. खाली म्हंजे जत्राच. नुसत्या मशिनी. खिडकी न्हाई, घड्याळ न्हाई, दिवस का रात्र कळत न्हाई. मशिनीत चित्रं फिरतेत, घंटा, फळं, रेडे. तीन सारखे आले तर जिंकले. म्हाताऱ्या बाया खुर्चीला चिकटून बसलेल्या, तोंडावर हसू न्हाई का काही न्हाई. एकीच्या नाकाला प्राणवायूची नळी, तरी बटण दाबून राह्यली.

निखिलरावांनी दोघींना थोडंथोडं खेळायला दिलं. माझं जल्दीच संपलं. तिच्या मशिनीत रेडे आले, दिवे लागले, गाणं वाजलं. जपमाळ गुंडाळून पर्समध्ये.

तेवढ्यात एक बाई आली. उंच, आखूड कपडे, हातात तबक. तबकात दारूचे गिलास आन् त्यांच्यातच एक-दोन पाण्याचे. खेळणाऱ्यांना फुकट देतेत म्हणे. वि.बा.कडं बघून "वॉटर?" म्हणली.

आन् हिनं घेतला. उघडा गिलास. बर्फ घातलेला. दारूच्या गिलासाला गिलास लागलेला. कोण, कुठली, काय, काही न इचारता. एका दमात प्याली. वरून "थँक्यू" म्हणली.

संकष्टीला पाणी चालतं, मला कळतं. पण माझ्या दारात बुधवारलाबी चालत न्हाई.

मी जवळ गेले. "विहीणबाई, त्या तबकवालीचं चाललं?"

मशिनीवरची नजर काढली न्हाई तिनं. "परदेशात चालतं हो. इथं आपलं कोण बघतंय?"

मी बघून राह्यले होते की. अडीच हात लांब उभी. म्हंजे मी आपली न्हाई.

दिवसभर तेच वाक्य. लिफ्टमध्ये, जेवताना, अंघोळीला. इथं आपलं कोण बघतंय.

१५ जून, रविवार

केलं. आज केलं.

खोलीत निखिलरावांनी बाटल्या आणून ठेवल्यात, सीलबंद. ती अंघोळीला गेली की अर्धा तास बाहेर येत न्हाई, सोवळं लई. मी एक बाटली घेतली. हळूहळू झाकण फिरवलं, खालची कडी तुटू न देता. अंगणवाडीत औषधांच्या बाटल्यांची झाकणं काढण्यात जन्म गेलाय, त्याचा उपयोग झाला. कडी तुटलीच, पण एकाच जागी, नीट बसवली की दिसत न्हाई.

आतलं पाणी कोपऱ्यातल्या झाडाला घातलं. झाड प्लास्टिकचं निघालं. गालिचा भिजला. त्यावर टॉवेल टाकला.

मंग माझ्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं. अर्चूच्या घरून भरून आणलेलं, चांगलं गाळलेलं. विष घालायचं नव्हतं मला, माझा हात घालायचा होता. ओतताना मनात म्हणले, हे कुंभार पिंपळगावचं समजून पी.

ती बाहेर आली, केस पुसले, बाटली उचलली. झाकण फिरवलं. प्याली. थांबली. परत प्याली. माझ्यासमोर, माझ्या हातचं, घशाखाली उतरलं. मी खिडकीकडं तोंड केलं कारण हसू आवरंना.

दिवसभर मी राणी. कृत्रिम नदी बघितली, छतावर रंगवलेलं आभाळ बघितलं, होडीवाला गाणं म्हणत होता त्याला टाळी दिली. अर्चू म्हणली, "आई, आज काय झालंय तुला?" काही न्हाई गं, हवा मानवली.

ह्यांचा फोन आला तवा सगळं सांगितलं.

"मंग जिंकलीस?"

"जिंकले."

"तिला माहीत हाय का?"

"तिला कसं माहीत असंल."

ते म्हणले, "एकट्यानंच बैल पळवला तर शंकरपट होत न्हाई."

ह्या माणसानं माझा आख्खा दिवस नासवला. फोन ठेवल्यावर कळलं, बराबर बोलले. तिला माहीतच न्हाई तर ती हरली कुठं? उद्या परत ती तीच आन् मी तीच. नातवंड मस्तगडला आन् खेड्याचं पाणी बाधतं. पालथ्या घड्यावर पाणी, आन् घडा माझाच.

सांगावं लागंल. सगळ्यांसमोर सांगावं लागंल.

१६ जून, सोमवार

सकाळी अर्चूला सांगितलं. चूक केली. पोरगी रडायला लागली. "तू सांगशील आन् दोन महिन्यांनी जाशील. त्या घरात मला राहायचंय. ऐकून मला घ्यावं लागंल."

"मंग तुझ्या आईनं असंच मरायचं का, बाटलेलं?"

"मला बाळाला दोन्ही घरं पाहिजेत गं. एक जिंकून दुसरं गेलं तर काय करू मी?"

पोरीच्या जिवासाठी गप बसले. पण राग पोटात ठेवून बसायचं म्हंजे तापला तवा पदरात घेऊन बसायचं.

दुपारी अर्चू-निखिलराव कुठलं तरी काचेचं संग्रहालय बघायला आत गेले. आम्ही दोघी बाहेर सावलीतल्या बाकावर. सावली नावालाच. वारा असा की कुणी चुलीचं तोंड आपल्याकडं केलंय. वि.बा.चं तोंड लालबुंद. पर्समधून रिकामी बाटली काढली, माझ्याकडं धरली.

"तेवढी भरून आणा विहीणबाई. कालच्यासारखी."

मला आधी कळलंच न्हाई. "कालच्यासारखी म्हंजे?"

"काल झाकण टक् वाजलं न्हाई." रस्त्याकडं बघत बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "आन् गालिचा ओला होता. मी अनवाणी चालते खोलीत."

"मंग प्यालात कशाला?"

"तहान लागली होती."

बस, एवढंच. मी तिच्याकडं बघतच राह्यले. हिनं माझा सूडबी पिऊन टाकला, कळत असून, शांतपणे, आन् दिवसभर मला राणीसारखी मिरवू दिलं. म्हंजे काल मी तिला बघून हसत नव्हते, ती मला बघून हसून राह्यली होती.

म्हणले, "मंग माझ्या घरी का न्हाई प्यायलात? एवढ्या वेळा?"

आता तिनं माझ्याकडं बघितलं. "आमच्या सासूबाई अजून हायेत. जाऊबाई बरोबर असायच्या प्रत्येक वेळी. घोटभर घेतला असता ना, तर मस्तगडच्या घरात देवघराला हात लावू दिला नसता मला. तुम्हाला एकदा अपमान झाला. मला रोज झाला असता."

"एकदा न्हाई. तीनदा."

"बरं, तीनदा."

"आन् बाळाचं काय? येऊ देणार का माझ्या घरी?"

"बघू."

बघू म्हंजे न्हाई. आपल्याकडं कोणत्याही घरात बघू म्हंजे न्हाई.

वरून हळूच म्हणली, "हे पाण्याचं मस्तगडला बोलू नका."

मी उठले. नळ होता समोर. बाटली भरली. भरताना डोक्यात एकच, हिनं "भरून आणा" म्हणली ते विहीण म्हणून का गडीमाणूस म्हणून? हक्कानं सांगितलं का हुकूम सोडला? आवाजावरून बिलकुल कळलं न्हाई. आणून दिली. तिनं अर्धी प्याली आन् उरलेली माझ्याकडं धरली. मीबी प्याले. तोंड लावून.

तिची दया यायला पाहिजे होती का? आली. पण दयेनं राग विझत न्हाई, उलट जास्त भडकतो. तिला भ्यायला सासू हाय. मंग ती भीती माझ्या उंबऱ्यात कशाला आणून ओतली? मस्तगडला घाबरून राहायचं आन् पिंपळगावला नाक वर करायचं. आन् आता माझ्याकडून गप बसायचं वचन पाहिजे.

वचन दिलं न्हाई मी.

१७ जून, मंगळवार. फिनिक्स

दुपारी परत. गाडीत ती आन् मी मागच्या सीटवर, मधी पर्स. तिला झोप लागली आन् डोकं माझ्या खांद्यावर आलं. ढकललं न्हाई. का न्हाई ढकललं माहीत न्हाई.

संध्याकाळ. घर. वि.बा. सोफ्यावर, समोर फोन उभा केलाय, मस्तगडचा व्हिडिओ कॉल. तिकडं सकाळ. फोनमध्ये तिची सासू, पांढरं लुगडं, बारीक डोळे. शेजारी जाऊबाई चहाचा कप घेऊन. सासूबाई इचारून राह्यल्या, वाळवंट कसं होतं, पाणी-बिणी मिळालं का धड.

अर्चू ओट्यापाशी. तिला कळलं मी काय करणार ते, माझ्या आधी कळलं. डोळ्यांनी न्हाई म्हणली.

मी विचार केला. खरंच केला. पोरीचा केला, त्या येणाऱ्या जिवाचा केला, ह्या बाईच्या देवघराचाबी केला. मंग वाटलं, आज गप बसले तर उद्या ते लेकरू माझ्या दारात येईल आन् कुणीतरी मागून म्हणंल, इथलं पिऊ नको. त्याला कारण इचारायची अक्कल येईल तवा काय सांगू?

पेला भरला. नळाखाली, माझ्या हातानं. पदर डोक्यावर घेतला. फोनच्या समोरून गेले, दिसंल अशी. पेला पुढं केला.

"विहीणबाई, पाणी."

जाऊबाईंनी कप खाली ठेवला. सासूबाई पुढं वाकल्या, अख्खा फोन त्यांच्या तोंडानं भरला.

वि.बा.नी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत शिवी होती. दुसरंबी काहीतरी होतं, ते मला ओळखता आलं न्हाई. हात पुढं केला. पेला घेतला.

निर्जळी म्हणली न्हाई. शुक्रवार म्हणली न्हाई.

मी समोरच्या खुर्चीत बसून लिहून राह्यलेय. अर्चूनं गॅस बंद केला. सासूबाई इचारून राह्यल्या, "काय गं, कुणी दिलं ते?" ती सांगतेय कारंजी किती उंच होती, ऊन किती होतं, रस्ता किती लांब. भरभर बोलतेय. पेला हातातच हाय, ओठापासून वीतभर. खाली ठेवत न्हाई, वर नेत न्हाई. सासूबाईंनी परत इचारलं.